कमरेची झडती

मिलच्या फाटकावर अठ्ठावीस वर्षं झडती घेणाऱ्या पांडुरंगरावांच्या हातून वीतभर कापड कधी निसटलं नाही! कुणी कमरेला गुंडाळून नेत असला, तर ते नुसत्या चालीवरून ओळखत.

मिल बंद पडली. आता शहरातल्याच पोलोग्राउंड भागातल्या एका कारखान्यात तीच नोकरी मिळत होती, फक्त डॉक्टरांचा 'फिट'चा दाखला हवा होता. आणि नेमकी रक्तात साखर निघाली!

"मी तर चहासुद्धा फिका पितो," पांडुरंगराव गरजले, "म्हणजे घरातलंच कुणीतरी घालतंय!"

घरात दुसरं होतं कोण? बायको, सुलोचनाबाई! त्यांनी चाखल्याशिवाय पांडुरंगराव भाजीला हात लावेनात. साखरेच्या डब्यावर त्यांनी पेन्सिलीची खूण केली. तिसऱ्या दिवशी साखर खुणेच्या बोटभर खाली!

"पदर झटक!"

"अहो, मला पण मिलवाली समजलात का? मंगलाताई वाटीभर घेऊन गेल्या!"

पांडुरंगराव तडक शेजारी गेले आणि मंगलाताईंची वाटी जप्त करून आले. छत्रीबागेतल्या त्यांच्या गल्लीभर बोभाटा झाला. सुलोचनाबाईंनी अबोला धरला, पण रक्तातली साखर काही उतरेना.

शेवटी डॉक्टरच म्हणाले, "काकाजी, साखर कोणी घालत नाहीये. चोर तुमच्या पोटावरच आहे. चरबीच्या पेशी ठासून भरल्या, की चरबी रक्तात सांडते, लिव्हरमध्ये आणि स्नायूंत जाऊन बसते. मग इन्सुलिननं कितीही हाका मारल्या, तरी पेशी ऐकत नाहीत. साखर बाहेर रक्तातच उभी!"

"म्हणजे फाटक बंद, माल रस्त्यावर?"

"बिलकुल. घेर कमी करा, तीन महिन्यांनी दाखला देतो."

"काखेत कळसा अन् गावाला वळसा!" सुलोचनाबाईंचा अबोला सुटला. पांडुरंगरावांना भयंकर लाज वाटली. मंगलाताईंची वाटी ते स्वतः परत देऊन आले.

मग तीन महिने जागा राखून ठेवा, अशी विनंती करायला ते कारखान्यात गेले. फाटकावर हरी! मिलमध्ये याच हरीनं कमरेला गुंडाळलेलं कापड त्यांनी एकदा पकडलं होतं.

"जागा तर कालच भरली, काकाजी. मीच लागलो! हात वर करा."

हरीचे हात खांद्यावरून खाली आले आणि कमरेशी थबकले.

"ये क्या छुपाया है?"

"काही नाही रे भिया," पांडुरंगराव ओशाळून म्हणाले, "घरचंच आहे."

"मी पण त्या दिवशी हेच म्हणालो होतो!"