शलाका चिरमुले यांची घरातून बदली

शलाका चिरमुलेची तिच्या स्वतःच्या घरातून म्हसवडच्या एका घरात बदली झाली. एका जागी पाच वर्षं भरली की बदली होते, तशीच ही झाली. त्यात शिक्षण खात्याचा कुणावर आकस नव्हता.

चूक म्हणायचीच तर शलाकाच्या हौसेची. वाईत राहणाऱ्या या बाईनं आपल्या मुलीला, जुईला, शाळेत घातलंच नाही. घरीच शिकवायचं ठरवलं. आता घरी शिकवायचं तर गपचूप शिकवावं की नाही? पण नाही. हिनं दारावर 'चिरमुले विद्यामंदिर' अशी पाटी लावली आणि रोज सकाळी उलथन्यानं परात बडवून घंटा द्यायला सुरुवात केली. प्रार्थना व्हायची, प्रतिज्ञा व्हायची. अपूर्णांक थालीपिठावर शिकवले जायचे आणि चुकलेला अपूर्णांक जुईलाच संपवावा लागायचा. क्रीडादिनाला जुई एकटी धावली आणि दुसरी आली. पहिलं यायचं तर अजून सराव हवा, असं शलाकाचं मत पडलं. पालकसभेत तर ती आधी बाई म्हणून खुर्चीवर बसायची, मग उठून समोरच्या सतरंजीवर आई म्हणून बसायची, आणि मुलीच्या अक्षराकडे लक्ष नाही म्हणून स्वतःचीच बोलणी खाली मान घालून ऐकून घ्यायची. नवरा हेमंत आपलं पाण्याच्या पंपांचं दुकान बंद करून सभेला यायचा आणि मागे बसून डुलक्या काढायचा, कुठल्याही शाळेतल्या वडिलांसारखा.

इतकी रीतसर शाळा चालते म्हटल्यावर खातं काय डोळे मिटून बसेल? घराची शाळा म्हणून नोंद झाली आणि शलाकाची शिक्षिका म्हणून. बाईनं गल्लीत पेढे वाटले. शिक्षिका म्हटलं की बदली आलीच, पण पेढे वाटताना असलं काही कुणाच्या डोक्यात येतं होय?

बदलीचं सांगायला घरशाळांचे केंद्रप्रमुख बावडेकर स्वतः आले. सालस माणूस. कुणाला वाईट बातमी द्यायची असली की आधी चहा घ्यायचे, म्हणजे समोरच्याचे हात कामात राहतात. चहा झाल्यावर त्यांनी समजावून सांगितलं की वाई हे सोपं क्षेत्र. नदी आहे, घाट आहेत, हवा बरी. म्हसवडला ऊन फार आणि पाणी कमी, म्हणून ते अवघड क्षेत्र. तिथल्या रोहिणी विरकर आपल्या मुलाला, यशराजला, पाच वर्षांहून जास्त काळ अवघड क्षेत्रात शिकवत होत्या, त्यामुळे सोपं क्षेत्र मागायचा हक्क त्यांचा होता. त्यांनी मागितलं नव्हतं. पण हक्क होता म्हटल्यावर तो देणं भाग होतं.

शलाकानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ठीक आहे, मी आणि जुई सोमवारी निघतो.

बावडेकरांनी कप खाली ठेवला.

"जुई कशी येईल, बाई? विद्यार्थी शाळेचा असतो. बदली झाली म्हणून मास्तर वर्ग उचलून नेत नाहीत."

"पण मी तिची आई आहे."

"पदानं आहात. ते पद कुठं जात नाही, ते इथंच राहतं. सोमवारपासून त्यावर विरकर बाई येतील."

 शलाकानं हेमंतकडे पाहिलं. हेमंतनं घसा खाकरून विचारलं, की निदान मी तरी हिच्यासोबत जाऊ का. बावडेकर ओशाळले. वडील हे भौतिक सुविधांमध्ये धरतात, असं त्यांनी सांगितलं. पंखे, नळ, फळा, वडील. ते इमारतीसोबत राहतात. हेमंतला याचं वाईट वाटायला हवं होतं, पण आपली कुठंतरी नोंद आहे हे ऐकून तो मनातून सुखावलाच, खोटं कशाला बोला. जुई दारात उभी राहून ऐकत होती. शाळेला सोमवारी सुट्टी आहे का, एवढंच तिनं विचारलं.

चार्ज देण्याघेण्यासाठी दोघी आया साताऱ्याच्या एसटी स्टँडवर भेटल्या. रोहिणी विरकर उंच, सावळी, कमी बोलणारी. शलाकानं सांगितलं की जुईला दुधाची साय चालत नाही, खोटं बोलताना ती डावा कान ओढते, आणि झोपायच्या आधी तळपाय चोळल्याशिवाय तिचा डोळा लागत नाही. रोहिणीनं मान डोलावली. मग रोहिणी म्हणाली, "आमचं पोरगं बसून शिकत न्हाई. हिंडतं ठेवायचं. आन् रागानं बोलला तर मनावर घेऊ नका, भूक लागल्याली असती त्याला." एवढं बोलून ती पदराच्या टोकाशी चाळा करत बसली. अजून काही आहे का, असं शलाकानं विचारलं. "हाय की," रोहिणी म्हणाली, "पन ते सांगून कळायचं न्हाई." त्यावर दोघींनी सही केली आणि आपापली एसटी पकडली.

म्हसवडला यशराजनं दार उघडलं. नव्या आईला वाकून नमस्कार केला आणि लगेच अंगणात चालायला लागला. रोहिणीनं त्याला सगळं चालत शिकवलं होतं. बेचा पाढा चाफ्याच्या झाडापर्यंत, तिसाचा थेट ओढ्याच्या पुलापर्यंत. इतिहासातल्या लढाया तर गावाला वळसा घालूनच संपायच्या, आणि एखादा तह अवघड असला तर मधे उसाचा रस. पहिल्या आठवड्यात शलाकाच्या पायाचे तुकडे पडले. तिनं एकदा त्याला बसवून थालीपिठाचे अपूर्णांक दाखवले. त्यानं अपूर्णांक आणि पूर्णांक दोन्ही फस्त केले आणि म्हणाला, आता चला, कळलं ते चालून दाखवतो. पोरगं गुणी होतं. शलाकाला त्याचा लळा लागू नये असं फार वाटत होतं, आणि तो लागला. नव्या आईला ऊन सोसत नाही म्हणून तो पुढे चालताना आपली सावली तिच्यावर पडेल असा तिरका चालायचा. अशा पोराचं काय करायचं सांगा.

शनिवारी वाईला फोन करायची मुभा होती. तिकडून जुईचा आवाज आला.

"आधीची आई, जेवलीस का?"

 आधीची म्हणजे काय गं, असं शलाकानं हसत हसत विचारलं. जुईनं सांगितलं, बावडेकर सरांनी तसं म्हणायला सांगितलंय, नाहीतर घोटाळा होतो. आताची आई मंडईत नेते आणि घासाघीस करायला शिकवते. वजाबाकी आता तिला कोथिंबिरीवर येते. एका भाजीवाल्यानं तर तिला पाहून दुकान आवरतं घेतलं. शलाका म्हणाली, छान. फोन ठेवला आणि ती स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला टेकून रडली. यशराजच्या वडिलांनी, विरकर भाऊंनी, ते पाहिलं. पण ते भौतिक सुविधा असल्यामुळे त्यांनी फक्त पंखा लावला.

तिनं काय केलं नाही? दोनदा अर्ज केला. थेट आणि ओळखीपाळखीतून विनवण्या केल्या. बावडेकरांचं उत्तर ठरलेलं. बदलीला पाच वर्षं होऊ द्या, मग बघू. पाच वर्षांनी जुई केवढी झाली असती! तिचे सगळे दुधाचे दात पडून गेले असते, ते कुठल्या आईनं कौलावर टाकले असते?

वाट काढली ती जुईनंच. वाईत सहामाहीची पालकसभा होती. रोहिणी बाई म्हणून खुर्चीवर बसली होती. शलाकाची रीत तिनं मोडली नव्हती. आता उठून सतरंजीवर बसायचं आणि आपली बोलणी ऐकायची, तेवढ्यात जुई उभी राहिली आणि म्हणाली, मला शाळा सोडल्याचा दाखला हवा.

हेमंतची झोप उडाली. रोहिणीनं विचारलं, ही शाळा आवडत नाही का? जुई म्हणाली, शाळा फार आवडते, तू पण आवडतेस. पण शिक्षकाला बदली मागून मिळत नाही आणि विद्यार्थ्याला दाखला मागितला की द्यावाच लागतो, असा हिशोब आहे. मंडईत शिकलेली मुलगी. समोरच्याला कुठं नाही म्हणता येत नाही, हे तिला आता बरोबर कळत होतं.

 जुई गेली की या शाळेत कुणी उरत नाही, आणि पोर नसलेल्या शाळेतली आई अतिरिक्त ठरते, हे रोहिणीला माहीत होतं. अतिरिक्त झालेल्यांना कुठं पाठवतील याचा नेम नसतो. तरी तिनं दाखला लिहिला. 'शाळा सोडण्याचे कारण' पुढे 'पालकाची बदली' असं लिहिलं, वर्तन 'चांगले' लिहिलं. मग खोडून 'फार चांगले' केलं आणि खाडाखोडीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुई म्हसवडच्या दारात उभी. शलाका धावत गेली आणि उंबऱ्यावर थांबली, कारण प्रवेश व्हायचा होता. तिनं विचारलं, नाव? जुईनं सांगितलं. इयत्ता? चौथी. आईचं नाव? इथं जुई अडली. आधीची का आताची, असं तिनं विचारलं.

 "इथली," शलाका म्हणाली.

"मग शलाका," जुई म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. प्रवेश झाला.

यशराजनं मात्र तोंड फिरवलं. हिला हिची आई मिळाली, मग माझी वाईत एकटी काय करत असेल, असा साधा सवाल त्यानं केला. उत्तर बावडेकर घेऊन आले. नेहमीप्रमाणे आधी चहा घेतला. वाईच्या शाळेचा पट शून्यावर आला, म्हणून ती बंद झाली. रोहिणी विरकर अतिरिक्त ठरल्या. इकडे म्हसवडला आता चौथी आणि पाचवी असे दोन वर्ग झाले, म्हणजे आयांची दोन पदं लागतात, आणि त्यातलं एक रिकामं. तेव्हा विरकर बाईंचं समायोजन जवळच्या रिकाम्या जागी, म्हणजे त्यांच्याच घरी, करण्यात येत होतं. बावडेकर हे सांगताना इतके गंभीर होते की हसावं की रडावं ते कुणाला कळेना. यशराज न सांगता ओढ्याच्या पुलाकडे चालायला लागला. एसटी तिथूनच येते.

बंद शाळेचं सामान गरजू शाळेला देता येतं. त्यामुळे आठवड्याभरात टेम्पोतून दोन पंखे, एक फळा आणि हेमंत असे उतरले. हेमंतनं पोच दिली आणि घेतलीही. पंपांचं दुकान त्यानं इथंच टाकलं. म्हसवडला पंपाला मरण नाही, फक्त पाणी हवं, असं तो म्हणायचा. विरकर भाऊंना एका सुविधेच्या जागी दोन झाल्याचा आनंद झाला. संध्याकाळी दोघं ओसरीवर बसून पत्ते खेळू लागले.

राहिला प्रश्न एकच. एका घरात दोन आया, मग पोरांनी हाक मारली तर जायचं कुणी? बावडेकरांनी तेही ठरवून दिलं. सेवा मुलाच्या जन्मापासून धरतात. यशराज जुईपेक्षा वर्षानं मोठा, म्हणजे रोहिणी ज्येष्ठ. हाकेला ज्येष्ठ आईनं जायचं. ती उपलब्ध नसेल तरच कनिष्ठ आईनं. शलाकानं मान्य केलं. करते काय? लेक डोळ्यांसमोर होती, याहून जास्त मागणं म्हणजे भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघी अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. आतून जुईनं हाक मारली, "आई!"

शलाका अर्धी उठली. मग तिला आठवलं आणि ती परत खाली बसली. एक शेंग तिनं दोनदा फोडली. रोहिणी जागची हलली नाही.

पुन्हा हाक आली.

"ज्येष्ठ तुम्ही आहात," शलाका म्हणाली.

"मी आज रजेवर हाय," रोहिणी म्हणाली.

"कधीपासून?"

"ही काय, आत्तापासनं. किरकोळ रजा."

शलाकानं तिच्याकडे पाहिलं. रोहिणीनं तिच्याकडे पाहिलं नाही. शलाका पदरातली टरफलं झटकून आत गेली. थोड्या वेळानं आतून मायलेकींचं हसणं ऐकू आलं, तेव्हा रोहिणीचा हात जरा थांबला. तिनं दाराकडे मान वळवली. मग पुढची शेंग उचलली, कारण रजेवरच्या माणसानं कामाच्या जागी डोकावायचं नसतं.