वाचकाला काय हवंय

सूनबाईने लॅपटॉपवरचा मजकूर शेवटपर्यंत वाचला आणि सासऱ्यांकडे पाहिलं.

"बाबा, या पानात कोणी वारलंय का?"

"नाही. का?"

"मग 'जीवनाच्या सांजवेळी, कर्तव्यपूर्तीच्या कृतार्थ समाधानाने' हे कोणाबद्दल आहे?"

सासऱ्यांनी उभा जन्म एका वर्तमानपत्रात मृत्युलेख लिहिले होते. कचेरीत त्यांना सगळे चित्रगुप्त म्हणत. गावातलं कोणी बडं माणूस जरा जास्त खोकायला लागलं, की यांच्या खणात त्याचा मजकूर तयार असे. एक कारखानदार तर दवाखान्यातून ठणठणीत बरे होऊन आले, कचेरीत बसून स्वतःवरचा लेख वाचला आणि "उत्तम आहे, फक्त 'मनमिळाऊ' घालायचं राहिलं" एवढी दुरुस्ती सुचवून गेले.

निवृत्तीनंतर चित्रगुप्त घरातल्यांच्या वाट्याला आले. ते पेपरातल्या चुका शोधत आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून मोठ्याने वाचून दाखवत. मुलगा काही बोलला की ते त्याचं वाक्य दुरुस्त करत. त्यामुळे मुलगा हळूहळू वाक्यं बोलेनासाच झाला. "हो", "नाही" आणि "बघू" यांत दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

सूनबाई घरी बसून लोकांच्या वेबसाइट बनवून द्यायची. गावाबाहेर ज्येष्ठांसाठी एक निवास नवीनच उघडला होता. बाग होती, लिफ्ट होती, डॉक्टर होते. राहायला मात्र कोणी नव्हतं. त्यांच्या वेबसाइटचा मजकूर तिने सासऱ्यांच्या गळ्यात घातला. तेवढीच चार दिवस घरात शांतता, हा तिचा हिशेब.

"बाबा, आधी मला सांगा, हे वाचणार कोण?"

"म्हातारी माणसं."

"म्हातारी नाही वाचत हो. त्यांची मुलं वाचतात. ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत. बाजूच्याला दिसू नये म्हणून मोबाइल तिरका धरून."

"बरं. मग त्यांना बागेविषयी सांगू?"

"बाग खाली टाका. आधी त्या माणसाला काय बोचतंय ते बघा. 'आम्ही', 'आमची संस्था', 'आमचं ब्रीद', सगळं काढा. 'तुम्ही' म्हणा. समोर एकच माणूस बसलाय असं धरून बोला. आणि वाक्यं लहान करा. तुमच्या पहिल्या वाक्यात क्रियापद येईपर्यंत मुलगा दुसऱ्या वेबसाइटवर गेलेला असतो."

"आणि विशेषणं?"

"विशेषणांना निरोप द्या."

चित्रगुप्तांना राग आला. पण संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी बसल्यावर त्यांच्या डोक्यात उजेड पडला. मृत्युलेख तरी मेलेला माणूस कुठे वाचतो? वाचतात ती मागे राहिलेली माणसं, आणि त्यांना हवं असतं एवढंच, की आपलं काही चुकलं नाही असं कोणीतरी छापून द्यावं. हे काम तर ते आयुष्यभर करत आले होते. त्यांचा हात सुटला. समोर मुलगा मान खाली घालून जेवत होता आणि सूनबाई घड्याळ बघत होती. लिहिण्यासाठी त्यांना फार लांब पाहावं लागलं नाही.

"तुम्ही वाईट मुलगा नाही," हा त्यांनी मथळा दिला. खाली लिहिलं: "तुम्ही दमलाय. दमणं हा गुन्हा नाही. त्यांना सोबत हवी आहे आणि तुम्हाला वेळ. दोन्ही एका छपराखाली मिळत नसेल, तर छप्पर बदलावं. तुम्ही दर रविवारी त्यांना भेटायला याल. आज एका घरात राहून बोलता, त्याहून जास्त बोलाल."

सूनबाईने वाचलं. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

"बाबा, यातला एक शब्दही हलवायचा नाही," ती म्हणाली आणि उठून आत गेली.

चित्रगुप्तांना त्या दिवशी जेवण जरा जास्तच गेलं.

पान झळकलं आणि निवासाचा फोन वाजायचा थांबेना. संचालकांनी लिहिणाऱ्याची सगळी माहिती विचारून घेतली आणि सूनबाईकडे फुलांचा गुच्छ पाठवला. तो चित्रगुप्तांनी आपल्या खोलीत ठेवून घेतला.

मग एका सकाळी घराजवळच्या बागेतल्या बाकावर मेजर तावातावाने येऊन बसले. मेजरांची सगळी नोकरी पोस्टात झाली होती, पण चालणं कवायतीचं, म्हणून ते मेजर. आणखी चार म्हाताऱ्यांसह तिथे त्यांची रोजची बैठक.

"मला हाकलतायत," मेजर म्हणाले. "काल मुलगा म्हणतो, 'दमणं हा गुन्हा नाही.' मी म्हटलं, अरे, दमलंय कोण? तर त्याने मोबाइलच पुढे केला. कोणत्या गाढवाने लिहिलंय रे ते?"

खरं तर चित्रगुप्तांना इथे लाज वाटायला हवी होती. पण लिहिणाऱ्याची जात वाईट.

"भाषा कशी वाटली?" त्यांनी विचारलं.

"भाषा? भाषेनेच तर घात केला! मलाच भरून आलं. पोराच्या पाठीवर हात ठेवला आणि सही करून मोकळा झालो. आज सकाळी कळलं, सही कशावर केली ते!"

मेजर गेले. पाठोपाठ बाकावरची बाकीची मंडळीही पांगली. पूर्वी माणसं जायची आणि मग चित्रगुप्त लिहायचे. आता त्यांनी लिहिलं आणि माणसं गेली. ते एकटेच बाकाच्या मधोमध बसू लागले.

आणि एका रविवारी दुपारी मुलाने स्वतःहून टीव्ही बंद केला, खुर्ची ओढली आणि बापासमोर बसला. तो असा समोर बसल्याचं चित्रगुप्तांना अप्रूप वाटलं.

"बाबा, मला वाटतं, तुम्हाला सोबत हवी आहे."

"मला?"

"आणि आम्हाला... वेळ."

चित्रगुप्तांनी ते वाक्य ओळखलं. ते पुढच्याची वाट बघत राहिले. मुलगा अडखळला. कपाळ पुसू लागला.

"दोन्ही एका छपराखाली मिळत नसेल," चित्रगुप्तांनी आठवण करून दिली.

"हां, तेच. म्हणजे तुम्ही वाचलंय ते?"

"मी लिहिलंय."

मुलगा बघतच राहिला. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाजही थांबला.

"तुम्ही?" तो म्हणाला. मग त्याचा चेहरा हळूहळू मोकळा झाला. "मग तर प्रश्नच मिटला. म्हणजे तुम्हाला आधीपासून पटलेलंच आहे!"

सूनबाई दारात आली होती. "मी दाखवलं नाही त्याला, बाबा. खरंच. त्याने आपणहून शोधलं."

नाही म्हणायचं, तर आपलाच मजकूर खोटा ठरतो. चित्रगुप्त शेवटी म्हणाले, "बघू."

मुलाने संचालकांना तिथल्या तिथे फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला.

"अहो, जागा कुठली?" संचालक ओरडले. "तुमच्या त्या पानाने घोळ करून ठेवलाय. खोल्या भरल्या, रांग लागली, आणि थांबलेली मुलं आम्हाला शिव्या घालतायत. लेखकसाहेब आहेत का तिथे? साहेब, एक पान आणखी हवंय. जागा होईपर्यंत आईवडिलांना घरी कसं सांभाळावं, याबद्दल. खाली एक बटण देऊ, 'जागा झाली की मला कळवा' म्हणून."

"पण जागा होणार कशी?" चित्रगुप्तांनी विचारलं.

"ते साहेब, तुमच्याइतकं कोणाला ठाऊक!" संचालक हसले.

ते पान चित्रगुप्तांनी खोलीचं दार लावून लिहिलं. खोडलं, पुन्हा लिहिलं. या वेळी वाचक कोण, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. "त्यांना काहीतरी विचारा. उत्तर लांबलं तर थांबा," असं त्यांनी लिहिलं. "ते तुमच्या बोलण्यातल्या चुका काढतील. काढू द्या. आता त्यांच्या हातून दुरुस्त होण्यासारखं दुसरं काही उरलेलं नाही. त्यांच्या खोलीत एकदा विनाकारण जा. ते विचारतील, काय हवंय? काही नको म्हणा आणि बसा."

सूनबाईने वाचलं आणि पदराने नाही तर सरळ बाहीनेच डोळे पुसले. "हे त्याने वाचायलाच हवं, बाबा. आत्ताच पाठवते."

सकाळी चहाच्या वेळी मुलाने मोबाइल उघडला. चित्रगुप्तांनी कप तोंडाशी धरला, पण चहा घेतला नाही. ते मुलाच्या अंगठ्याकडे बघत होते. कुठली ओळ कुठे येते, हे त्यांना पाठ होतं. अंगठा मथळ्यावर क्षणभर टेकला. मग काचेवरची धूळ पुसावी तसा त्याने एकदा वर सरकवला, पुन्हा सरकवला, आणि पार तळाशी जाऊन थांबला. टक् करून एक बारीक आवाज झाला.

मुलाने मोबाइल खिशात टाकला आणि कितीतरी दिवसांनी बापाकडे बघून मनापासून हसला.

"छान झालंय हं पान, बाबा," तो म्हणाला. "बटण लगेच सापडतं."