सासूबाईंचा निळा, माझा हिरवा

रंगाच्या बाबतीत मला कोणी शिकवायला येऊ नये! मी आमच्या बे सिटीतल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाचा मेंबर आहे, आणि तोही साधासुधा नाही, प्लास्टिकवाला. इंजिन काय, कोणीही उघडतो. क्रोम कोणीही घासून चकाचक करतो. पण दाराच्या आतल्या पट्ट्या, पायाजवळची पॅनेलं, दोन सीटांमधला कन्सोल, हे सगळं प्लास्टिक कारखान्यातून बाहेर पडलं तेव्हा नेमकं कुठल्या रंगाचं होतं, हे सांगायला नजर लागते. ती नजर अख्ख्या मिशिगनमध्ये फार तर दोघातिघांना असेल, आणि बाकीच्यांची नावं मला आठवत नाहीत.

त्यामुळे सासऱ्यांनी आपली सत्तर सालची पॉन्टिअॅक नीटनेटकी करायला काढली, तेव्हा आतलं काम माझ्याकडे येणार हे उघड होतं. चेट, म्हणजे माझे सासरे, यांनी ही दणकट इंजिनाची मसल कार लग्नाच्या दुसऱ्या वर्षी कोरी घेतली होती. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत ती पुन्हा कोऱ्यासारखी रस्त्यावर उतरवायची, असं ठरलं. बाहेरून पांढरी. आतून?

इथेच घोळ होता. सीटा मुलांनी आणि कुत्र्याने मिळून फाडल्या म्हणून त्यांवर कधीच काळं कातडं चढवलेलं. प्लास्टिक उन्हाने पार उडालेलं. एक पट्टी राखाडी, दुसरी शेवाळी, तिसरीला रंग म्हणावं की धूळ, ते कळेना! पत्र्यावरचा रंगाचा शिक्का गंजला होता, कारखान्याचा कागद सीटखाली उंदरांनी खाल्ला होता, आणि त्या काळचा एकुलता एक रंगीत फोटो सापडला त्यात सासरेबुवाच हिरवे दिसत होते.

"निळा होता," सासूबाई म्हणाल्या. त्या ओट्यापाशी पिएरोगीच्या, म्हणजे पोलिश करंज्यांच्या कडा दाबत होत्या, मान वर न करता बोलल्या. "फिकट निळा. शोरूममध्ये दोन गाड्या होत्या, एक आतून काळी, एक आतून निळी. निळी मीच पसंत केली."

"आई, पन्नास वर्षं झाली," माझी बायको रोंडा म्हणाली.

"मग? पन्नास वर्षांपूर्वी मी नवराही पसंत केला. तो आठवतोय की!"

यावर रोंडाने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला माहीत होता. गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी गाडी मागे घेताना स्वतःच्याच घराची टपालपेटी आडवी केली होती. "टपालपेटी तिथे आहे हे मला पक्कं आठवत होतं," असं त्यांचं म्हणणं, "बर्फाखाली दिसली नाही, एवढंच!" मग एकदा त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. तेव्हापासून रोंडाच्या मनाने घेतलं होतं, की आईची आठवण चालली. आणि आठवण चालली तर गाडीची किल्ली काढून घ्यायला हवी. आमच्याकडे किल्ली गेली की माणूस घरात मिटला. दुकान लांब, चर्च लांब, आणि सासूबाईंचा दर गुरुवारचा पत्त्यांचा डाव तर नदीपलीकडे. त्या डावात त्यांना चौघांच्या हातातली पानं पाठ असायची, पण ते रोंडाला कोण सांगणार? ती पत्ते खेळत नाही.

"तू नीट शोधून काढ," रात्रीची भांडी आवरताना रोंडा मला म्हणाली. "आई म्हणते तसा निळा निघाला तर मी गप्प बसेन. नाही निघाला, तर चार जुलै झाल्यावर मी किल्लीचं बोलणार."

म्हणजे बघा! सासूबाईंची किल्ली माझ्या नजरेवर अवलंबून होती. मला त्यांची काळजी वाटली, खोटं कशाला बोलू? पण थोडी छातीही फुगली.

आमच्या शास्त्रातला पहिला नियम असा: जिथे ऊन पोचलं नाही, तिथे खरा रंग. मी कन्सोलपाशी गेलो. कन्सोलच्या पोटात एक डबा असतो, वर झाकण. झाकणाच्या आतल्या बाजूला ऊन कुठून पोचणार?

"कन्सोल राहू दे," सासरे म्हणाले. ते एरवी गॅरेजमध्ये खुर्ची टाकून रेडिओवर बेसबॉल ऐकत बसतात, पण मी कन्सोलला हात घातला की उठून उभे राहत. "कन्सोल चांगला आहे."

"बाबा, मला फक्त झाकण हवंय."

"थांब मग. आत माझे स्क्रू आहेत." आणि त्यांनी आतून एक कॉफीचा डबा काढला, तो छातीशी धरून घरामागे घेऊन गेले. माणसाचा आपल्या गाडीवर, तिच्या स्क्रूंवरसुद्धा किती जीव असावा! मला अगदी भरून आलं.

कन्सोलच्या डब्यात बाकी काही नव्हतं. पेपरमिंटच्या गोळ्यांचे कागद तेवढे होते. मी झाकण सोडवलं, उलटं केलं आणि जागच्या जागी उभा राहिलो. हिरवा! गडद, तेलकट, खानदानी हिरवा!

काही लोक असा नमुना आधी धुऊन घेतात. मी नाही. पन्नास वर्षं अंधारात जपून राहिलेला मूळ रंग साबणाने घालवायचा? मी झाकण स्वच्छ फडक्यात गुंडाळलं आणि घरात बजावून सांगितलं, की याला कोणी हात लावायचा नाही. सासूबाई ओलं फडकं घेऊन पुढे आल्याच होत्या.

"मळलंय रे ते. पुसून देते."

"आई, नको! तो इतिहास आहे!"

"इतिहास आहे तर पुसायला काय झालं?" त्या म्हणाल्या, पण परत गेल्या.

मी ते झाकण आमच्या क्लबाचे अध्यक्ष ग्लेन यांना दाखवलं. ग्लेन बोलताना डोळे मिटतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं फार खोल वाटतं. त्यांनी झाकण नाकाजवळ नेलं, दीर्घ श्वास घेतला.

"येतोय?" त्यांनी मला विचारलं.

मी हुंगलं. एक कुबट, जुनाट वास होता खरा.

"कारखान्याचा वास!" ग्लेन डोळे मिटून म्हणाले. "हल्ली असं प्लास्टिक होत नाही."

रंगाच्या दुकानातल्या यंत्राने त्यावर शिक्कामोर्तब केलं. झाकणावर यंत्र टेकवलं, यंत्राने आकडे दिले, आकड्यांप्रमाणे रंग तयार झाला. आता माणूस चुकेल, यंत्र कशाला चुकेल? घरी येऊन मी जेवणाच्या टेबलावर निकाल सांगितला.  सासूबाईंनी काटा खाली ठेवला.

"चेट," त्या म्हणाल्या, "तू सांग. गाडी तुझी आहे. निळा होता ना?"

सगळे सासऱ्यांकडे बघायला लागलो. सासरे पाणी प्यायले. मग पुन्हा थोडं प्यायले.

"यंत्र काय म्हणतं?" त्यांनी मला विचारलं.

"हिरवा."

"मग हिरवाच असेल," सासरे म्हणाले आणि बटाटे वाढून घेतले.

सासूबाईंचा चेहरा त्या वेळी कसा झाला ते मला अजून आठवतं. त्या चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या स्वतःशी विचार करायला लागल्या, स्वतःवरच शंका आल्यासारख्या. रोंडाचे डोळे भरले. मीही अस्वस्थ झालो, पण मी काय करणार? शास्त्र ते शास्त्र!

पुढचं काम म्हणजे नुसता उजेडाशी झगडा. गॅरेजच्या ट्यूबलाइटखाली कन्सोल झाकणाशी तंतोतंत जुळायचा, आणि बाहेर उन्हात आणला की वाटाण्याच्या सालासारखा दिसायचा. मग पुन्हा दुकान, पुन्हा यंत्र, पुन्हा फवारा. कन्सोल जुळला तर त्याच्याशेजारी दारं भिकार दिसायला लागली. दारं रंगवली तर मागच्या पट्ट्या ओशाळल्या. त्या रंगवल्या तर काचांमधल्या खांबांवरच्या पट्ट्या, मग पायाजवळची पॅनेलं, मग सीटांच्या पाठी! फवारा उडून गॅरेजमधला बिअरचा फ्रीज हिरवा झाला, सासऱ्यांच्या मासे धरायच्या काठ्या हिरव्या झाल्या, आणि माझ्या मिशीची डावी बाजू अशी हिरवी झाली की रविवारी चर्चमध्ये पाद्रीसाहेबांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली. पण शेवटी सगळं एकजीव झालं. आत बसलं की नजर ठरू नये!

तीन जुलैला दुपारी सगळे अंगणात जमलो. सासरे शेगडीवर सॉसेज भाजत होते. मी गाडी गॅरेजबाहेर काढली, दोन्ही दारं उघडली आणि बाजूला झालो. ग्लेनने डोळे मिटले.

सासूबाई हळूच येऊन आत बसल्या. त्यांनी दारावरून हात फिरवला, कन्सोलवरून फिरवला.

"सुरेख केलंयस, कर्ट," त्या म्हणाल्या. "पण ही माझी गाडी नाही. माझी निळी होती."

"आई..." रोंडा म्हणाली. मग तिने एका दमात सांगून टाकलं. टपालपेटी, चष्मा, आणि आता हे. आई, तुझा तू विचार कर. आम्हाला भीती वाटते. उद्याची मिरवणूक झाली की किल्ली माझ्याकडे दे. नदीपलीकडे मी तुला सोडत जाईन.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.  "एवढं म्हणताय तर खरंच असेल," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून किल्ली काढून मांडीवर ठेवली. "मला फक्त तो तुमचा मूळ रंग एकदा बघू दे. म्हणजे माझी खात्री होईल."

मी धावत जाऊन झाकण आणलं. फडकं सोडलं. या खेपेला मला त्यांना नको म्हणवेना. त्यांनी झाकण हातात घेतलं, उन्हात धरलं, कपाळाला आठी घातली, आणि कोणी काही म्हणायच्या आत हातातला कागदी रुमाल जिभेला लावून झाकणाचा एक कोपरा खसाखसा पुसला. मुलांची तोंडं पुसून पुसून लागलेली सवय!

रुमाल तपकिरी झाला. कोपरा निळा झाला!

फिकट, नितळ, आकाशी निळा.  ग्लेनने डोळे उघडले. सासूबाईंनी रुमाल हुंगला.

"मेन्थॉल," त्या म्हणाल्या.

शेगडीपाशी सासरे सॉसेजमध्ये अचानक फार गुंतले होते. रोंडा जन्मली त्या दिवशी त्यांनी सिगारेट सोडली, ही गोष्ट आमच्या घरात दर थँक्सगिव्हिंगला सांगितली जाते. "इंजिन जरा गरम करून येतो," म्हणून ते रोज संध्याकाळी गॅरेजमध्ये जात, काचा लावून मेन्थॉलची सिगारेट ओढत बसत. राख कॉफीच्या डब्यात, डबा कन्सोलमध्ये, आणि वर झाकण! निळ्यावर पिवळा धूर बसत गेला की काय होतं, हे बालवाडीतल्या पोरालाही कळतं. मला, ग्लेनला आणि यंत्राला तेवढं कळलं नव्हतं.

"चेट," सासूबाईंनी हाक मारली. आवाज अगदी मऊ होता. "तुला माहीत होतं, निळा होता ते?"

"बर्नडीन, मला वाटलं, इतक्या वर्षांत झाला असेल हिरवा."

"आणि तू मला वेडी ठरू दिलंस?"

"किल्लीचं मला ठाऊक नव्हतं गं! तुझ्या गळ्याची शपथ! मला एवढंच वाटलं, की रंगाचं बोललो तर धुराचं निघेल..." त्यांच्या हातातला चिमटा खाली आला. इतका केविलवाणा म्हातारा मी उभ्या जन्मात पाहिला नाही.

"ते आपण घरात बोलू," सासूबाई म्हणाल्या. ते ऐकून सासऱ्यांनी सॉसेज जळेपर्यंत शेगडी सोडली नाही. रोंडा गाडीच्या दारापाशी गुडघे टेकून रडत होती. सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्या हाताने मांडीवरची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.

मी घसा खाकरला. "आई, मी सगळं परत काढतो. उन्हाळा संपायच्या आत निळं करून देतो. यावेळी आधी धुऊन घेतो."

"खबरदार!" सासूबाई म्हणाल्या. "हिरवंच राहू दे. या घरात पुन्हा कोणी म्हणालं ना, की बर्नडीनला आठवत नाही, तर त्याला आणून या गाडीत बसवायचं!"

दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत गाडी सासूबाईंनीच चालवली. शेजारी सासरे झेंडा धरून गप्प, मागे मी. रस्त्याच्या दोन्ही कडांना खुर्च्या टाकून बसलेला सगळा गाव आमच्या ओळखीचा.

"बर्नडीन, आतून हिरवी कशी गं ही?" कोणी तरी ओरडलं.

"जावयाने रंगवली!" सासूबाई खिडकीतून ओरडल्या. "मनाने फार चांगला आहे! डोळ्यांनी अधू आहे बिचारा!"

पुढच्या कोपऱ्यावर तेच. त्याच्या पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा तेच. मला वाटतं, नदीपर्यंत बातमी आमच्या आधीच पोचली होती. कारण मिरवणूक संपल्यावर मी लिंबूपाणी आणायला उतरलो, तर एका अनोळखी आजीबाईंनी माझं कोपर धरलं. दोन्हीकडे नीट बघून त्यांनी मला सावकाश रस्त्यापलीकडे नेलं.

"पायरी आहे हं," त्या म्हणाल्या.

मी पाय उचलला.