शर्टपीसातले वीस हजार

रेणुकादासनं त्या दिवशी ते व्याख्यान ऐकलं नसतं, तर पुढचा सगळा ताप टळला असता. खरं तर त्यानं ते पुरतं ऐकलंही नव्हतं. नांदेडच्या ज्या कॉलेजात तो क्लार्क होता, तिथं एका शनिवारी बचतीवर बोलायला कुणी पाहुणे आले होते. सभागृहातला पंखा बरा होता, म्हणून हा मागच्या रांगेत जाऊन बसला आणि बसल्या बसल्या पेंगला. जाग आली तेव्हा पाहुणे म्हणत होते, "याला म्हणतात इमर्जन्सी फंड. आणि तो अशा जागी ठेवा, की सहजासहजी तुमचाच हात तिथं पोचणार नाही." (त्याआधी दहा मिनिटं ते बँकेत कसा ठेवावा हे समजावून सांगत होते. पण तेव्हा आपले गृहस्थ घोरत होते.)

घरी येऊन चपला काढायच्या आधीच त्यानं जाहीर केलं, "इंदू, आपण इमर्जन्सी फंड काढायचा."

इंदू भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. "हा कितवा?"

प्रश्न रास्त होता. पहिला फंड साखरेच्या जुन्या डब्यात जमला होता, तो नव्या मोबाइलमध्ये गेला. (जुन्याच्या काचेला तडा गेला होता. ही इमर्जन्सी नाही तर काय?) दुसरा फंड ऑफिसातल्या मंडळींबरोबर माहूरला जाऊन आला आणि परत काही आला नाही. देवदर्शन राहून जाणं हीसुद्धा एक इमर्जन्सीच असते, असं रेणुकादासनं तेव्हा पटवून दिलं होतं. म्हणजे स्वतःला पटवून दिलं होतं. इंदूला कुणी विचारलंच नव्हतं.

ही झाली गंमत. पण एक गोष्ट गमतीची नव्हती. मागच्या पावसाळ्यात उर्वी, त्यांची सातवीतली पोरगी, सायकलवरून पडली आणि तिचा हात मोडला. दवाखान्यात पैसे भरायच्या खिडकीपाशी उभं राहून इंदूनं आपल्या भावाला फोन लावला, आणि तेवढा वेळ रेणुकादास भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत उभा राहिला. तीनदा वाचलं. ती लाज त्याच्या मनातून जात नव्हती. इंदूनं त्यावरून पुढं कधी एक शब्द काढला नाही, त्यामुळं तर मुळीच जात नव्हती.

म्हणून तो जरा जोरातच म्हणाला, "पुढच्या संक्रांतीला वीस हजार रुपये तुझ्या हातावर ठेवतो."

"आन न्हाई ठेवले तर?"

"तर माझं एटीएम कार्ड तुझं. कायमचं."

इंदूनं भाकरी तव्यावर टाकली. "कुठं ठेवता ते कार्ड?"

"का?"

"काही न्हाई. माझ्याकडं आल्यावर कुठं ठेवायचं ते बघून ठेवते."

आता प्रश्न आला जागेचा. जिथं आपला हात पोचणार नाही अशी जागा रेणुकादासला घरात कुठं दिसेना, कारण त्याचा हात सगळीकडं पोचत होता. दोन दिवस विचार करकरून त्याला दिवाणाखालची आहेराची पेटी आठवली. लग्नात, मुंजीत, सत्यनारायणात आलेले शर्टपीस, ब्लाउजपीस, टॉवेल-टोप्या सगळं त्या पेटीत जायचं. हे कपडे कुणी वापरायला देत नाही आणि कुणी वापरायला घेतही नाही. ते पुढच्या कार्याला पुढं जातात, तिथून आणखी पुढं. वरची पिशवी फाडायची नाही, घडी मोडायची नाही, एवढा एकच कायदा, आणि अख्ख्या मराठवाड्यात तो पाळला जातो.

त्या पेटीत सगळ्यात खाली एक शर्टपीस होता. शेवाळी रंग, त्यावर वांगी रंगाचे चौकडे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्याकडच्या सत्यनारायणाला कुणीतरी दिलेला. या दोन वर्षांत पेटीतून पन्नास कपडे गेले, पण इंदूनं हा कुणाला दिला नव्हता. द्यायचं धाडसच झालं नसावं. रेणुकादासनं हिशेब केला, जो दोन वर्षं गेला नाही तो आणखी एक वर्ष कुठं जातो? त्यानं पिशवीची चिकटपट्टी हळूच सोडवली, पुठ्ठ्याच्या आणि कपड्याच्या मधोमध पाचशेची पहिली नोट सरकवली, आणि कोपऱ्यात पेनानं एक बारीक फुली मारली.

मग वर्षभर त्या माणसानं काय काय केलं म्हणता. हॉटेलातला चहा सोडला. पान सोडलं. कॉलेजला चालत जाऊ लागला आणि लोकांना सांगू लागला की डॉक्टरनं सांगितलंय. परीक्षेच्या कामाचे जादा पैसे आले, ते थेट शेवाळी चौकड्यात. दर महिन्याला इंदू बाजारात गेली की दिवाणाखाली घुसायचा आणि धूळ झटकत बाहेर यायचा. संक्रांत आठ दिवसांवर आली तेव्हा एकोणचाळीस नोटा झाल्या होत्या. चाळिसावी घेऊन तो शनिवारी दिवाणाखाली घुसला, आणि पेटीत शेवाळी शर्टपीस नव्हता.

पेटी त्यानं दोनदा उपसली. मग तोंड शक्य तेवढं साधं करून स्वयंपाकघरात गेला.

"त्या पेटीतले कपडे कमी दिसून राहिले."

"मुखेडला मामाच्या नातवाचं जावळ झालं न्हाई का सोमवारी. मामाला दिला एक."

"कोणता?"

"तो शेवाळी."

"तो कशाला दिला? चांगला होता तो."

इंदूनं त्याच्याकडं अशा नजरेनं बघितलं, की अंगात ताप तर नाही ना. "तुम्हाला कधीपासून कपड्यातलं कळाया लागलं? आन पेटीशी तुमचं काय काम?"

काम सांगायची सोय नव्हती. सांगितलं तर पैज तिथंच संपली, आणि कार्डाबरोबर इज्जतही गेली. पण कार्डापेक्षा त्याला ती दवाखान्यातली खिडकी दिसत होती. रात्रभर त्याला झोप नाही. सकाळी त्यानं इंदूला सांगितलं की ऑफिसच्या कामानं जायचंय (रविवारी कोणतं ऑफिस, असं तिनं विचारलं नाही, हे तिचे उपकार), आणि चाळिसावी नोट घेऊन निघाला. रिकाम्या हातानं जाता येत नाही. त्या नोटेतून एक बरा शर्टपीस घेतला, पावशेर पेढे घेतले, आणि मुखेडची एसटी धरली. गाडीत सगळ्या बायकांना अर्धं तिकीट आणि याला एकट्याला पूर्ण. तिकीट काढलं तशी नोट संपली. इमर्जन्सी फंडावर पहिलीच इमर्जन्सी आली होती, ती म्हणजे फंड शोधणं.

शेषेरावमामा, म्हणजे इंदूचे मामा, ओसरीतच बसले होते. "या जावई. लई दिसानं. इंदू न्हाई आली?"

"तिला माहीत न्हाई. म्हणजे, तिला काम होतं."

दिलेला आहेर पुढं कुठं गेला, हे विचारायचं नसतं. पाहुण्याला तू किती पोळ्या खाल्ल्या असं विचारण्यातला तो प्रकार. म्हणून रेणुकादासनं एसटीत पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "मामा, इंदूनं परवा घाईत भलताच शर्टपीस दिला. तुम्हाला शोभणारा न्हाई तो. हा घ्या, आन तो मी परत नेतो."

मामांनी त्याचा हात धरला. "एवढ्यासाठी नांदेडहून आलात? असा जावई मिळायला नशीब लागतंय." मग डोळे पुसून म्हणाले, "पर तो तर गेला की. लोह्याला आमच्या पोरीच्या, शिल्पाच्या, घरची वास्तुशांती होती गुरुवारी. शिल्पाच्या सासऱ्याला दिला, भुजंगरावांना."

"उघडून बघितला होता का?"

"न्हाई बा. वरूनच दिसत होता की."

जावई घरी आला म्हटल्यावर तसाच कसा जाऊ देतील? मामींनी कुंकू लावून त्याच्या हातात एक शर्टपीस ठेवला. तो घेऊन गडी थेट लोह्याच्या गाडीत बसला. लोह्याला नवं घर शोधायला वेळ लागला नाही, दारावरची तोरणं अजून हिरवी होती. भुजंगराव मोठे अगत्याचे. "या या पाहुणे. वास्तुशांतीला आला न्हाईत, आता आलात, बरं झालं." रेणुकादासनं मुखेडचा शर्टपीस त्यांच्या हातावर ठेवला, चहा प्याला, घराचं कौतुक केलं, आणि उठतो म्हणाला. त्याला ठाऊक होतं, पहिल्यांदा आलेल्या पाहुण्याला इथं कपडे केल्याशिवाय सोडणार नाहीत.

झालंही तसंच. भुजंगरावांच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, आतून एक शर्टपीस आणला. पांढराशुभ्र, झुळझुळीत.

"एवढा भारी नको," रेणुकादास म्हणाला.

सिंधुबाईंनी आत जाऊन निळा आणला. "हापण भारी हाय. नको." मग राखाडी आला. राखाडी त्याला खरोखर आवडला होता, पण छातीवर दगड ठेवून त्यानं तोही परत केला.

भुजंगरावांचा चेहरा उतरला. "पाहुणे, आमच्या घरचं घ्यायला कमीपणा वाटून राहिला का?"

"तसं न्हाई हो. मला साधंच लागतं. शेवाळी वगैरे काही असलं तर बघा."

भुजंगरावांनी बायकोकडं बघितलं. शेवटी सिंधुबाई म्हणाल्या, "शेवाळी हाय एक. पर तो माणसाला देण्यासारखा न्हाई."

"तोच द्या."

तो आला. पिशवी शाबूत, घडी शाबूत, कोपऱ्यात फुली. रेणुकादासनं तो दोन्ही हातांनी घेऊन छातीशी धरला आणि त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. "बघा, साधेपणा म्हणावा तर असा," भुजंगराव म्हणाले. सिंधुबाईंचं मत वेगळं असावं, कारण आत गेल्यावर त्यांनी सुनेला हळूच विचारलं, "शिल्पा, तुझ्या इंदूताईच्या घरी सगळं ठीक हाय ना गं?"

लोह्याच्या स्टँडवर, लोकांकडं पाठ करून, त्यानं पुठ्ठ्यामागं बोट घातलं आणि मोजल्या. एकोणचाळीस. आठवड्याभरात दोन घरं फिरून आलेल्या त्या नोटांवर साधी सुरकुतीही नव्हती. चाळिसावी मात्र मोडली होती. ती सोमवारी त्यानं कॉलेजच्या शिपायाकडून, शिवमूर्तीकडून, पगाराच्या बोलीवर उसनी घेतली.

संक्रांतीला तिळगुळाच्या वाटीशेजारी वीस हजार ठेवले, तेव्हा इंदूनं आधी हात पुसले. मोजले, परत मोजले, आणि म्हणाली, "तुमच्याच्यानं हे झालं?" आवाज जरा ओला होता. तेवढ्यावर गप्प बसावं की नाही? पण रेणुकादासला राहवलं नाही. त्यानं मुखेड, लोहा, पांढरा, निळा, राखाडी, उसनी नोट, सगळं सांगितलं. इंदू हसून हसून भिंतीला टेकली.

"कुणी उघडला न्हाई, ते का माहीत हाय?" डोळे पुसत ती म्हणाली. "तो कपडा सात वर्षं फिरून राहिला. लातूरला माझ्या भावाच्या लग्नाचा बस्ता बांधला, तेव्हा सेलमधून तुम्हीच उचलला होता तो. दुकानदार नको म्हणत होता. तुमची निवड म्हणून पैसे वाचले."

कार्ड तिनं त्याच्याकडंच राहू दिलं. पैसे मात्र दुसऱ्या दिवशी दोघांच्या नावानं पोस्टात गेले. आणि पगाराच्या दिवशी सकाळी तिनं त्याच्यापुढं एक नवा कोरा शर्ट ठेवला, शेवाळी, वांगी चौकड्यांचा. गुपचूप शिंप्याकडं देऊन शिवून आणलेला. "पैज जिंकलात. हा माझा आहेर. हा पुढं जाणार न्हाई."

बायकोनं प्रेमानं दिलेला शर्ट. घालावाच लागला. कॉलेजात पोचल्यावर रेणुकादासनं आधी शिवमूर्तीला गाठलं आणि पाचशेची नोट पुढं केली. शिवमूर्ती नोटेकडं बघतच नव्हता. तो शर्टाकडं बघत होता, आणि त्याचा चेहरा हळूहळू कसनुसा होत गेला.

"साहेब, माफी करा," तो हात जोडून म्हणाला. "तुमच्या सत्यनारायणाला मीच दिला होता तो. तुम्ही शिवून घ्याल असं वाटलं न्हाई हो."