ह. ग. परब यांचे एकेचाळीस उल्लेख

बढतीच्या अर्जातला सतरावा रकाना हरिश्चंद्र परब सरांनी तीन दिवस कोरा ठेवला होता. ‘आपल्या संशोधनाचा इतर विद्वानांनी किती ठिकाणी उल्लेख केला आहे?’ मालवणकडच्या एका लहानशा कॉलेजात सव्वीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवून सरांनी शोधनिबंध लिहिला होता एकच, १९६८ साली, देवबागच्या खाडीतल्या तिसऱ्यांवर, म्हणजे खायच्या शिंपल्यांवर. आता १९८४ साल होतं. सरांना पंचावन्नावं लागलं होतं आणि ही शेवटची संधी होती.

अखेर त्यांनी मुंबईत एका ग्रंथालयात नोकरीला असलेल्या दत्ताराम या जुन्या विद्यार्थ्याला पत्र टाकलं. आठ दिवसांनी तार आली : ‘एकेचाळीस उल्लेख. अभिनंदन. यादी पाठोपाठ.’

सर तार घेऊन तडक घरी गेले. कावेरीबाई बांगडे साफ करत बसल्या होत्या.

“एकेचाळीस जणांनी माजो लेख वाचल्यानी गो!”

“तिसऱ्यांवरचो?” कावेरीबाईंनी मान वर केली. “त्यांका दुसरां काम नाय?”

यादी कॉलेजच्या पत्त्यावर आली आणि पाकीट प्राचार्यांनीच फोडलं. सव्वीस उल्लेख सिमेंटवरच्या संशोधनाचे, चौदा मुतखड्यावरच्या आणि एक तिसऱ्यांवरच्या. ग्रंथालयातल्या जाडजूड सूचीत फक्त आडनाव आणि आद्याक्षरं असायची. दत्तारामने ‘परब, ह. ग.’ खाली जे दिसलं ते सगळं भक्तिभावाने उतरवून काढलं होतं. प्राचार्यांनी स्वतःच्या हाताने सतरावा रकाना भरला, अर्ज विद्यापीठाकडे धाडला आणि सत्काराच्या पत्रिका छापायला दिल्या. ‘सिमेंट, मूत्रपिंड व तिसऱ्या या तिन्ही क्षेत्रांत अधिकार गाजवणारे...’

“सर, ते दोघे परब मी नव्हे. कुणीतरी दुसरे आहेत,” सर म्हणाले.

“हा विनय तुम्हाला शोभतो,” प्राचार्य म्हणाले. “पण पत्रिका वाटून झाल्यात.”

सर परतले. आणखी एकदा सांगता आलं असतं. त्यांनी सांगितलं नाही. हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यानंतर चार दिवस त्यांना जेवण गेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीने देवबागचा काशीराम आला. होडीवर जाणारा धिप्पाड माणूस, पण कमरेत वाकलेला.

“सर, मुतखडो झालो हा. डॉक्टर कापूक सांगता. तुमी त्येच्यार लिवलास म्हणान आयकलंय. कायतरी पावडर द्या.”

“काशीराम, तो मी न्हय. माका तिसऱ्यांशिवाय कायएक कळणा नाय.”

“मग तिसरे खावन फरक पडात?”

सरांनी रिक्षा बोलावली, त्याला स्वतः दवाखान्यात नेऊन पोचवलं आणि त्याच दुपारी विद्यापीठाला लिहिलं : एकेचाळीसपैकी चाळीस माझे नाहीत. दत्तारामकडून पत्ते मागवून दोन्ही परबांनाही माफीची पत्रं धाडली.

सत्कार तरीही झाला. माईकसमोर उभं राहून सरांनी सगळं सांगून टाकलं.

“पण एक तरी उल्लेख तुमचाच ना?” प्राचार्यांनी खुर्चीवरून विचारलं.

“माझाच. त्यात लिहिलंय, परबांनी ज्यांना तिसऱ्या म्हटलं त्या भलत्याच जातीच्या होत्या.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतका नम्र माणूस लोकांनी पाहिला नव्हता. शाल घालून घेताना सरांना रडू येत होतं, त्यालाही टाळ्या पडल्या.

बढती मिळाली नाही. मुतखड्याच्या परबांचं उत्तर आलं नाही. सिमेंटच्या परबांचं मात्र नागपूरहून आलं, चार पानी.

‘महोदय, आपले पत्र तीन वर्षे उशिरा पोचले. आपल्या तिसऱ्या माझ्या नावावर धरल्या गेल्याने त्या वेळच्या मुलाखतीत मला त्यांची जात चुकल्याचा खुलासा विचारण्यात आला व माझी बढती गेली. त्यापायी आपला निबंध मला पहिल्यापासून शेवटपर्यंत दोनदा वाचावा लागला. पान सातवरील तक्त्यातील बेरीजही चुकली आहे.’

सरांनी कपाटातून निबंध काढला, सातवं पान उघडलं आणि बेरीज केली. चुकली होती.

“काय लिवल्यानी?” कावेरीबाईंनी विचारलं.

“वाचल्यानी गो त्यांनी,” सर हळूच म्हणाले. “पुरो वाचल्यानी.”

सोळा वर्षांनी त्यांना एक वाचक भेटला होता, आणि तो भयंकर चिडलेला होता.