कोरडं वाचन

नामवंत कादंबरी दुसऱ्यांदा वाचली की तिच्यात माणसं वाढतात, म्हणून नगर वाचनालयात अशी प्रत परत घेताना टेबलापाशी वाचकाकडून कोरडं वाचन करून घेत. बाजारभाव वाचावेत तशा आवाजात पान मोठ्याने वाचलं की वाढलेलं माणूस निघून जाई आणि प्रत पुढच्याला देता येई.

देसाई घराण्यावरची एक कादंबरी उपासनींनी कॉलेजात असताना वाचली होती. बायको वारल्यावर त्यांनी ती पुन्हा नेली. देसायांच्या माजघरात पूर्वी कोणी बसलेलं त्यांना आठवत नव्हतं. आता तिथे सुलभा, त्यांची बायको, तांदूळ निवडत बसली होती. देसायांचा कारकून उंबऱ्यात उभा राहून काही बोलला की ती हसत होती.

तिला पाहून आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण संसारात ती इतकी खळखळून हसल्याचं त्यांना आठवेना. कारकून असं काय बोलतो, ते पानावर दिलेलं नव्हतं. त्यांनी ते प्रकरण पुन्हापुन्हा वाचलं. दर वेळी कारकून आणखी थोडा आत आलेला असे.

ग्रंथपाल टिपरेबाईंनी प्रत हातात तोलून पाहिली आणि कोण वाढलंय ते विचारलं. उपासनींनी खरं सांगितलं. कारकुनाला तेवढं काढता येईल का, अशी चौकशीही केली.

"कारकून मूळचा आहे, उपासनी. निघाल्या तर वहिनीच निघतील."

"आणि राहिली तर?"

"राहू द्या की, शिक्का मारून तशीच पुढे देऊ. पण मग ही प्रत तुम्हाला परत मिळायची नाही. ज्याची वाढ, त्याला देत नाही आपण. लोक उगाच पाळत ठेवत बसतात."

उपासनींनी पान उघडलं. पहिली ओळ कोरडी वाचली. सुलभाचा तांदळातला हात थांबला. मग त्यांनी घसा साफ केला आणि पुढचं सगळं, कारकुनासकट, जमेल तितक्या मायेने वाचलं.

टिपरेबाईंनी 'वाढ कायम' असा शिक्का मारला आणि प्रत मागे ताटकळलेल्या चौबळ वकिलांना दिली.

"वकीलसाहेब, पहिल्यांदाच वाचताय ना?" उपासनींनी विचारलं.

"पहिल्यांदाच."

कारकून काय बोलतो तेवढं बघून सांगा, असं म्हणायला उपासनी जरा जवळ सरकले. वकिलांच्या अंगाला अत्तराचा वास येत होता.