गांगुर्ड्यांची दोन शिडं

गांगुर्डे कुणालाही भेटले की पहिला प्रश्न विचारत, “वजन किती?” चहापाणी, तब्येत वगैरे नंतर. आमच्या नाशिकरोडच्या कॉलनीत एका घरी नवी सून आली, तर तिलाही त्यांनी हेच विचारलं. त्या घराचा चहा त्यांना महिनाभर बंद होता.

याला कारण होती एक होडी. गांगुर्डे सरकारी कचेरीत नकाशे काढत. एकटा जीव. कुठल्याशा इंग्रजी मासिकातलं चित्र बघून त्यांनी बांबूच्या कामट्या आणि ताडपत्रीची, दोघांपुरती एक निमुळती होडी बनवली. ते तिला ‘कयाक’ म्हणत, कॉलनी ‘काकडी’ म्हणे. गंगापूर धरणावर वॉचमनच्या झोपडीपाशी ती ठेवलेली असे.

वल्ही होती, पण त्यांना शीड हवं होतं. मांजरपाट आणलं, ते भिजून जड झालं. बोहारणीकडून घेतलेली नायलॉनची साडी पहिल्याच वाऱ्यात टरकली. शेवटी कॉलनीतल्या मोडक्या छत्र्या गोळा करून त्यांचं काळं कापड त्यांनी स्वतः शिवलं. आणि मग मापाचा घोळ सुरू झाला.

“सर, सगळा खेळ वजनाचा आहे,” ते मला सांगत. “एकट्यानं मोठं शीड लावलं की होडी उलथलीच. दोघांना लहान लावलं, तर जागची हलायची नाही.”

म्हणून शिडं दोन. एकट्याचं लहान, दोघांचं मोठं.

दुसरा माणूस म्हणून निवड झाली शेजारच्या शाळामास्तराची, म्हणजे माझी. प्लॅटफॉर्म तिकीट काढून त्यांनी मला स्टेशनवरच्या वजनाच्या मशीनवर उभं केलं. चौसष्ट किलो. वजनाच्या तिकिटामागे छापलेलं भविष्य त्यांनी वाचलंसुद्धा नाही. “माझे अठ्ठेचाळीस. बरोब्बर जमतंय! रविवारी सात वाजता धरणावर या.”

मी गेलो नाही. मला पाण्याची भीती वाटते, हे सांगायची लाज वाटली. कधी पेपर तपासायचे होते, कधी पाहुणे आले, कधी पाठ धरली. “हरकत नाही सर, वारा कुठं पळून जातोय,” ते म्हणत. मी पुन्हा “पुढच्या रविवारी नक्की” म्हणे. असं चार वर्षं चाललं.

तापाचं निमित्त झालं आणि गांगुर्डे आठ दिवसांत गेले. होडीचं काय करायचं ते बघायला मी पहिल्यांदा धरणावर गेलो.

“तुमीच का सर?” वॉचमन म्हणाला. “लय वाट पायली तुमची. दर रविवारी आधी मोठं शीड बांधायचे. नऊ वाजेस्तोवर रस्त्याकडं बघत बसायचे. मंग ते सोडून बारकं बांधायचे, आन् एकलेच जायचे. म्हनायचे, सरांना काम निघालं आसंल.”

त्यानं दोन्ही शिडं माझ्या हातात दिली. लहान शिडाला ठिगळंच ठिगळं होती. मोठं कोरं होतं, त्याला कधी पाणी लागलंच नव्हतं. त्याच्या दोऱ्या मात्र बांधून-सोडून पार झिजल्या होत्या.

मला भीती वाटते, एवढं एकदा सांगून टाकलं असतं, तर त्यांनी दुसरं कुणी चौसष्ट किलोचं शोधलं असतं.